ओढला असता तर

त्या दिवशी सकाळी मी रेतीचं पोतं उचललं आणि ते हलकं लागलं. एवढंच झालं. पोती उचलणं हे माझं काम नाही, ते आमच्या मदतनीस देवमनचं. पण त्याच्या कमरेत उसण भरली होती, ग्राहक कंपनीची माणसं दहाला येणार होती, आणि कुणाची वाट बघत हातावर हात धरून उभं राहणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मीच बाह्या सारल्या. पोत्यावर लाल रंगात ठसठशीत ‘५०’ लिहिलेलं. अंक माझ्याच हातचा. शरीर पन्नास किलोच्या तयारीनं वाकलं, जोर लावला, आणि तो जोर उरला. मी पोत्यासकट दोन पावलं मागं गेलो. देवमन हसायला लागला. ‘‘काय साहेब, आज घरून काय खाऊन आले?’’ मीही हसलो.  पोतं हलकं का आणि त्याचा अर्थ काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण कळलं होतं. पोतं खाली ठेवायच्या आधीच कळलं होतं.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत, कापडाच्या कारखान्यांच्या मागं, आमची कंपनी आहे. गाड्या बाजारात येण्याआधी तपासायच्या, हा आमचा धंदा. मोठ्या कार आमच्याकडं येत नाहीत. मालाच्या तीनचाकी, ई-रिक्षा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात. गाडी किती अंतरात थांबते, वळणावर किती कलते, चढावर धरते की नाही, हे आम्ही बघतो, कागदावर लिहितो, त्याखाली सही करतो, आणि मग ती गाडी रस्त्यावर येते. बारा वर्षं मी हे करतोय आणि शेवटची सही माझी असते. मला त्याचा माज होता, उगाच कशाला खोटं बोलू? लग्नात, बारशाला, कुणी गाडीचा विषय काढला की मी गप्प बसून ऐकायचो आणि शेवटी एक वाक्य टाकायचो, आणि मग दुसरं कुणी बोलायचं नाही. तपासताना गाडी भरलेली लागते. दरवेळी वांगी-बटाटे कुठून आणणार, म्हणून रेतीची पोती. दहा पोती म्हणजे पाचशे किलो, असा सरळ हिशेब. मी ते पोतं काट्यावर ठेवलं. त्रेचाळीस. दुसरं ठेवलं, साडेबेचाळीस. तिसऱ्याला पुन्हा त्रेचाळीस. पोती भरली होती ती चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, नदीतून आलेल्या ओल्या रेतीनं, आणि तोलूनमापून भरली होती. मग ती पत्र्याच्या शेडखाली राहिली. पहिल्या दोन उन्हाळ्यांतच, पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीच्या, पाणी उडून गेलं. सात किलो पाणी. यात विज्ञान काही नाही. माझा बाप भाजीवाला होता. अकोल्याच्या बाजारात मेथीच्या जुड्यांवर तो दर अर्ध्या तासानं पाणी शिंपडायचा, कारण सुकलं की वजन घटतं. मंडीत कापूस नेला की व्यापारी ओल दाबून बघतो. वऱ्हाडात हे शेंबड्या पोराला समजतं. मला समजलं नाही, कारण पोत्यावर पन्नास लिहिलेलं होतं आणि ते मी लिहिलेलं होतं.

खरं तर पोती घटली तरी बिघडायचं काही कारण नव्हतं. भरलेली गाडी आम्ही चाकाखालच्या वजनकाट्यावर घेतो, तो काटा खरं काय ते सांगतो, कमी पडलं तर आणखी पोती टाकतो. तशी रीतच आहे. फक्त परवाच्या वर्षी मे महिन्यात तीन आठवडे तो काटा दुरुस्तीला पुण्याला गेला होता. ‘‘थांबू का?’’ असं देवमननं विचारलं होतं. मला ती दुपार स्पष्ट आठवते. कूलरमधलं पाणी संपलं होतं, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि मी म्हणालो होतो, ‘‘पोती मोज. पन्नास गुणिले दहा. झालं.’’ त्या तीन आठवड्यांत एकच गाडी तपासून झाली. मालाची तीनचाकी. हँडब्रेकची चाचणी अशी असते: भरलेली गाडी सिमेंटच्या उतारावर चढवायची, तोंड वर करून, ठरलेल्या जोरानं लिव्हर ओढायचा, आणि पाच मिनिटं बघत राहायचं. टायरवर आणि जमिनीवर खडूची एक रेघ मारायची. रेघ तुटली नाही म्हणजे गाडी पास. पाच मिनिटं हा फार मोठा वेळ असतो. त्या पाच मिनिटांत मी मोबाइलवर खुशीचा मेसेज बघितला होता, बारावीचा निकाल लागला होता, ‘मामा ७८ टक्के’ असं तिनं लिहून पाठवलं होतं. रेघ तुटली नव्हती. मी सही केली.

खुशी माझी भाची. शकुनताईची एकुलती एक. आता ती नाही. हे एवढंसं वाक्य मी पंधरा महिने कुणापुढं पूर्ण उच्चारलेलं नाही. हिवरखेडला ताईचं घर, साडेतीन एकर काळी जमीन, विहिरीचं पाणी. वांगी, कोबी, कडेनं झेंडू आणि शेवंती. गोवर्धनभाऊजी आठवड्यातून चार दिवस माल घेऊन अकोल्याला जायचे, आधी कुणाच्या तरी गाडीत भाडं देऊन, मग स्वतःच्या जुन्या खटाऱ्यात. त्या खटाऱ्याचा हँडब्रेक कधीच लागायचा नाही, म्हणून सीटखाली एक दगड असायचा. कुठंही गाडी उभी केली की भाऊजी उतरणार, मागच्या चाकाला दगड लावणार, पायानं ठोकून बघणार, आणि मगच पुढचं बोलणार. आमच्या घरी अमरावतीला आले तरी सपाट गल्लीतही दगड. मी त्यांची खूप टिंगल करायचो. नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मला विचारल्याशिवाय त्यांनी पाऊल उचललं नाही. मी म्हणालो, ही घ्या, ही मी स्वतः तपासली आहे. दसऱ्याला गाडी दारात आली, तिला झेंडूची माळ घातली, आणि भाऊजींनी जुन्या गाडीतला तो दगड काढून नव्या गाडीच्या सीटखाली ठेवायला घेतला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. ‘‘आता याचं काय काम, भाऊजी? माझी सही हाय तिच्यावर,’’ असं मी म्हणालो, आणि दगड कुंपणापलीकडं फेकला. खुशी टाळ्या वाजवून हसली. भाऊजीही हसले, पण त्यांची नजर थोडा वेळ कुंपणाकडंच होती.

मग जानेवारी. सकाळी आठ-साडेआठची वेळ. खुशीचं अकोल्यात कॉलेज, म्हणून ती मालाच्या गाडीतच निघायची, बापाशेजारी अंग चोरून बसून. पूर्णेचा पूल ओलांडल्यावरच्या चढावर मागची दोरी सैल झाल्यासारखी वाटली म्हणून भाऊजींनी गाडी कडेला घेतली. उतरले, दोरी आवळली, टपरीवर जाऊन दोन कप चहा सांगितला. दोन-तीन मिनिटं गेली असतील. झेंडूचं एक गाठोडं मागं पडलं होतं, ते उचलायला खुशी गाडीच्या मागं गेली, आणि तिच्या मागं पुलाचा सिमेंटचा कठडा होता. मला तिथलं यापुढचं सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. लोक धावले, दहा-बारा जणांनी गाडी पुढं ढकलली. पोलिसांनी पंचनामा केला तेव्हा लिव्हर खाली होता. चालकानं हँडब्रेक न ओढता नुसत्या गिअरवर गाडी सोडली, असं लिहिलं गेलं. भाऊजी मात्र सांगत राहिले. पोलिसांना, डॉक्टरला, मयतीला आलेल्या प्रत्येकाला, रस्त्यानं जाणाऱ्यालासुद्धा: ‘‘मीनं ओढला होता. देवाशपथ ओढला होता.’’ सलग दहा दिवस हे एकच वाक्य. लोक मान हलवायचे आणि एकमेकांकडं बघायचे.

दहाव्याचं आटोपून सगळे ओसरीवर बसले होते. ताई भिंतीला टेकून होती, डोळे कोरडे, आणि भाऊजींनी पुन्हा तेच सुरू केलं. मला ते ऐकवेना. खुशी माझीही होती, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं असं मला वाटत होतं. आणि त्या बोलण्यात, मीनं ओढला होता या बोलण्यात, माझ्या सहीवर बोट आहे असं मला वाटलं. होय, खुशीच्या दहाव्याला मला माझ्या सहीचा अपमान झाल्यासारखं वाटलं. माणूस किती खालच्या पातळीला जाऊ शकतो हे मला कुणाकडून शिकायला नको. ताईनं मला विचारलं, ‘‘शेखर, तुले तर समजते. तू सांग.’’ आणि मी सांगितलं. ‘‘ब्रेक ओढला असता तर गाडी हललीच नसती, ताई.’’  भाऊजींनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडं, आणि त्यानंतर ते वाक्य ते कधीही बोलले नाहीत. ढकलताना कुणीतरी लिव्हर खाली केलाच असणार, नाहीतर गाडी पुढं जाईल कशी, हा विचार त्याच क्षणी माझ्या डोक्यात येऊन गेला होता. मी तो बाजूला सारला. आलेला विचार बाजूला सारता येतो, हे त्या दिवशी मला फार सोपं वाटलं.

तेव्हापासून ताई नवऱ्याशी बोलत नाही. घर सोडून गेली नाही, भांडली नाही, स्वयंपाक करते, कपडे धुते, वावरात जाते. फक्त बोलत नाही. दिवाळीला मी गेलो होतो तेव्हा तिनं ताट वाढून भिंतीला सांगितलं, ‘‘जेवन वाढलं हाय.’’ आणि भाऊजी भिंतीचं ऐकल्यासारखे निमूट येऊन बसले. जेवताना त्यांचा उजवा हात थांबत थांबत चालायचा, घासाघासाला परवानगी मागावी तसा. मी तो बघत होतो आणि मनात म्हणत होतो, भोग. हो, मी मनात अगदी असंच म्हणत होतो.

ग्राहक कंपनीची माणसं त्या दिवशी आली, चहा पिऊन, बघून गेली. मी काय बोललो ते मला आठवत नाही. ती गेल्यावर मी देवमनला म्हणालो, यार्डाच्या मागं तेव्हा तपासलेली ती नमुन्याची तीनचाकी उभी आहे, ती काढ. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. आधी आम्ही तीच दहा वाळकी पोती चढवली, गाडी उतारावर घेतली, लिव्हर ओढला, रेघ मारली. पाच मिनिटं. रेघ तशीच. मग गाडी खाली घेऊन काट्यावर ठेवली आणि खरे पाचशे भरेपर्यंत पोती टाकली. पुन्हा उतार, पुन्हा रेघ. एक मिनिट झालं, काही नाही. दोन मिनिटं झाली, काही नाही, आणि माझ्या मनात एक घाणेरडी आशा उभी राहिली. अडीच मिनिटाला टायरवरची रेघ जमिनीवरच्या रेघेपासून एक बोट सरकली. थांबली. मग आणखी एक बोट. आवाज काहीच नव्हता. मग गाडी सरळ मागं यायला लागली, आणि देवमननं ओरडत चाकाखाली लाकडी ठोकळा मारला. ‘‘साहेब, बाजूले व्हा ना! उभे काय राहून राहिले?’’ मी खरंच मागंच उभा होतो. गाडी आधी धरते, माणसाला उतरू देते, चहा सांगू देते, आणि मग सुटते. म्हणून तर कुणाला संशय येत नाही.

धर्मपाल साहेब आमचे प्रमुख. माणूस वाईट नाही. माझ्या बापाच्या आजारपणात रात्रंदिवस फोन करून विचारायचे. मी त्यांना उतारावर नेऊन दाखवलं. त्यांनी दोन्ही वेळा घड्याळ लावून बघितलं आणि केबिनमध्ये येऊन बराच वेळ पेनचं टोपण काढ-घाल करत बसले. म्हणाले, ब्रेकची वायर सैल होते, लोक जास्त माल भरतात, कशानं काय झालं हे कोण सांगणार. मी म्हणालो, गाडी तीन महिन्यांची होती आणि माल पाचशेच्या आत होता. ते म्हणाले, ‘‘शेखर, मी कळवतो वरती. रीतसर कळवतो. तू मात्र काही लिहू नकोस. एक ओळसुद्धा नाही. तुझी सही आहे, विसरू नकोस.’’ कधी कळवता, असं मी विचारलं. ‘‘कळवतो म्हटलं ना!’’ त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. ‘‘तू दोन दिवस रजा घे.’’ हा माणूस मला वाचवतोय की स्वतःला, याचा विचार करत मी पार्किंगपर्यंत आलो, आणि मग लक्षात आलं की वाचवलं तर मला बरंच वाटणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिवरखेडला निघालो. घरी बायकोला, संध्याला, कारण सांगितलं नाही. अमरावतीहून अकोला हा रस्ता मी डोळे झाकून जाईन, पण त्या दिवशी मला रस्त्यात त्या गाड्याच दिसत होत्या. तेच मॉडेल, तेच चपटं नाक. मूर्तिजापूरच्या अलीकडं एक, पाण्याचे जार भरलेली. अकोल्यात बाजाराकडं वळताना ओळीनं पाच. उड्डाणपुलाच्या उतारावर एक उभी होती, चालक शेजारी उभा राहून फोनवर बोलत होता, आणि तिच्या मागं एक बाई लेकराची चप्पल नीट करत वाकली होती. मी गाडी थांबवली, उतरलो, आणि त्या चालकाला म्हणालो, दगड लाव. त्यानं फोन कानाचा काढला. ‘‘काहून? तू ट्राफिकवाला हाय काय?’’ मी म्हणालो, लाव ना भाऊ, मागं बाई आहे. तो म्हणाला, ‘‘हँडब्रेक ओढलेला हाय. नवी गाडी हाय, दिसत नाई काय?’’ मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि मी परत येऊन बसलो. पूर्णेच्या पुलावर मी कधीच उजवीकडं बघत नाही. त्या दिवशी बघितलं. कठडा धुतलेला नव्हता, रंगवलेलाही नव्हता, नुसता कठडा होता, आणि टपरीवाला भजी तळत होता.

भाऊजी वावरातच होते. वांग्याच्या सऱ्यांत पाणी सोडून लिंबाच्या सावलीत बसलेले. गाडी अजून पोलीस ठाण्याच्या आवारात सडतेय; माल आता शेजारच्या पुंजारामच्या गाडीत जातो आणि भाऊजी सोबत जात नाहीत. पंधरा महिन्यांत माणूस वाळून कोळ झाला होता. ‘‘ये शेखर. असा उन्हाचा काहून आला?’’ मी त्यांच्यासमोर मातीत बसलो आणि सगळं सांगितलं. ओली रेती, दोन उन्हाळे, पुण्याला गेलेला काटा, पन्नास गुणिले दहा. अडीच मिनिटं. मी अगदी सावकाश, एकेक गोष्ट सोडवून सांगितली, आणि शेवटी म्हणालो, ‘‘तुमी ओढला होता, भाऊजी. तुमी खरं बोलत होते.’’ मला वाटलं होतं ते रडतील, किंवा मला मारतील. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. ते सऱ्यांतल्या पाण्याकडं बघत राहिले.

‘‘नाई,’’ ते म्हणाले. ‘‘मीनं नव्हता ओढला.’’

‘‘भाऊजी, तुमी दहा दिवस शपथा घेत होते.’’

‘‘तवा मले आठवत नव्हतं. आता आठवते.’’ त्यांनी उजवा हात पुढं केला. ‘‘हा हात. गाडी उभी केली, हात लिव्हरवर नेला. त्याच्यावरचं रबर कसं खरखरीत होतं, तेबी आठवते. अन् तेवढ्यात खुशी म्हणाली, बाबा, गाठोडं पडलं वाटते. मी हात तसाच उचलला अन् खाली उतरलो. ओढला नाई. रोज दिसते मले. डोये मिटले का दिसते.’’ त्यांचा आवाज अगदी शांत होता. ‘‘तू मले बरं वाटावं म्हून इतक्या दूर आला, तुये उपकार हायेत. पन असं कोठी बोलू नको, बाप्पा. तुई नोकरी जाईन. घरी लेकरंबाळं हायेत तुये.’’

आणि तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी लपवणार नाही. अंगावरून वारं गेल्यासारखं हलकं वाटलं. माझं सांगून झालं होतं, माझं काम संपलं होतं, त्यांना नको होतं. त्यांची त्यांची एक आठवण होती आणि तिच्यात माझी पोती कुठंच नव्हती. उठून कपडे झटकावेत, घरी जाऊन पाणी प्यावं, चार वाजेपर्यंत अकोला गाठावं, असं सगळं मी त्या लिंबाखाली ठरवलं. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, परत येताना माझी पावलं भराभर पडत होती. अर्ध्या वाटेत मला ते रबर आठवलं. त्या मॉडेलच्या लिव्हरला रबर नाही. नुसता लोखंडी दांडा आहे. रबर जुन्या खटाऱ्याला होतं. मी धुऱ्यावरच थांबलो. पंधरा महिने बसून त्या माणसानं ही आठवण सुचेल तशी, मिळेल त्या सामानातून तयार केली होती, कारण मी त्याला म्हणालो होतो की ओढला असता तर गाडी हललीच नसती, आणि मी शिकलेला होतो.

ताई अंगणात खाटेवर कुरडया घालत होती. ‘‘काहून रे, असा अचानक?’’ मी सांगायला लागलो. साचा फिरवणारा तिचा हात मध्येच थांबला, आणि अर्धी कुरडई तशीच लोंबत राहिली. मी संपवलं तेव्हा तिनं साचा बाजूला ठेवला, पदराला हात पुसले.

‘‘दहाव्याच्या दिवशी तू मले काय म्हणाला होता? म्हन एकडाव.’’

‘‘ताई...’’

‘‘म्हन.’’

‘‘ब्रेक ओढला असता तर गाडी हललीच नसती.’’

‘‘अन् आता?’’

‘‘ओढला असता तरी हलली असती. त्यायनं ओढला होता.’’

ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. ती म्हणाली, ‘‘पंधरा महिने मी त्या मानसाले पानी पाहिजे काय म्हून नाई विचारलं, शेखर.’’ मग आत गेली आणि एक वही, एक पेन घेऊन आली. ‘‘लिहून दे.’’ मी म्हणालो, मी भाऊजींना सांगितलंय, त्यांना पटत नाही. ती म्हणाली, ‘‘तोंडानं तू तवाबी सांगतलं होतं. तोंडाचं काय घेऊन बसला? गाडी पास केली तवा लिहूनच देल्लं होतं ना? सही केली होती ना? तसंच हे दे.’’ धर्मपाल साहेबांचा आवाज माझ्या कानात होता, एक ओळसुद्धा नाही. अमरावतीचं घर, मुलीची फी, बारा वर्षं, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि तरी माझा हात पेनाकडं गेला. धैर्य म्हणून नाही, तिच्यासमोर दुसरं काही करताच येत नव्हतं. मी लिहायला लागलो. ‘सदर वाहनाच्या पार्किंग ब्रेक चाचणीवेळी प्रत्यक्ष भार निर्धारित भारापेक्षा कमी असल्याचे’ इथपर्यंत आलो आणि तिनं वही ओढून घेतली. ‘‘हे कोनाले समजते? साधं लिही.’’ बारा वर्षांत मी साधं काही लिहिलेलं नव्हतं. दोन पानं फाडली. शेवटी लिहिलं: गाडीचा हँडब्रेक पूर्ण मालावर धरत नाही. मी चुकीच्या वजनावर ती पास केली. गोवर्धन यांनी ब्रेक ओढला होता, तरी गाडी सुटली. चूक त्यांची नाही, माझी आहे. खाली तारीख घातली, पूर्ण नाव लिहिलं, सही केली.

तिनं कागद घेतला आणि चप्पल न घालता निघाली. धुऱ्यावरची माती तापलेली होती. मी मागून चालत होतो. भाऊजींनी तिला येताना पाहिलं आणि ते घाईनं उठून उभे राहिले, काहीतरी चुकलं असेल तसे. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. सातवी शिकलेली, एकेक शब्दावर बोट ठेवत, अडखळत, मोठ्यानं वाचायला लागली. पंधरा महिन्यांत तिनं त्यांच्या तोंडावर उच्चारलेले हे पहिले शब्द, आणि ते माझे होते. ‘गोवर्धन यांनी’ म्हणताना तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. तारीखसुद्धा वाचली, माझं नावसुद्धा वाचलं. मग ती म्हणाली, ‘‘आयकलं काय? तुमी ओढला होता. मी चुकली. तुमची काईच चूक नव्हती.’’

भाऊजींनी कागद तिच्या हातून घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, पुन्हा तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका वगैरे काही नव्हतं. कुणी घरात शिरून भांडी उचलून नेतंय आणि आपल्याला बोलता येत नाही, अशी भीती होती.

‘‘मंग शकुन,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘मले जे रोज दिसते, ते काय व्हय?’’

ताईनं वळून माझ्याकडं पाहिलं.